सत्तरीनंतरचा सरकारी आरोग्य विमा : काय मिळते, काय मिळत नाही

लहान धंद्याचे भांडवल कशाने बुडते, असे विचारले तर आपण उधारी, मंदी, भागीदारीतील भांडण अशी कारणे सांगतो. घरातील वडीलधाऱ्यांचे आजारपण हे कारण सहसा कुणी सांगत नाही. आई-बापाच्या उपचारावर झालेल्या खर्चाला तोटा म्हणणे कुणाच्याही जिभेवर येत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु खर्च कर्तव्याचा असला तरी तो दुकानाच्या गल्ल्यातूनच जातो. मालेगाव-भिवंडीतील यंत्रमागवाला असो, कोकणातील आंब्याचा व्यापारी असो की शहरातील गॅरेजवाला, घरात एक मोठी शस्त्रक्रिया झाली की मालाचे पैसे थकतात, दागिने गहाण पडतात आणि कधी कधी चालता धंदा दोन-तीन वर्षे मागे जातो.

अशा वेळी उपयोगी पडणारी एक सरकारी सोय आज योजना लागू असलेल्या राज्यांत सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक भारतीय नागरिकासाठी उपलब्ध आहे. तिच्याविषयी दोन प्रकारचे गैरसमज दिसतात. काहींना वाटते की ती फक्त गरिबांसाठी आहे, आपल्याला मिळणार नाही. काहींना वाटते की कार्ड हाती आले म्हणजे आजारपणाचा सगळाच खर्च सरकारने उचलला. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्ही महाग पडतात. म्हणून या लेखात ही योजना व्यापाऱ्याच्या नजरेने, म्हणजे जमा बाजू आणि खर्च बाजू अशी दोन्हींकडून समजून घेऊ.

योजना कोणती आणि केव्हापासून?

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून सुरू झाली. प्रत्येक पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार विनामूल्य, असे तिचे स्वरूप होते. पात्र कोण, हे प्रामुख्याने २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेवरून ठरत असे. त्या यादीत ज्याचे नाव नाही, त्याला दार बंद होते. किरकोळ दुकानदार, छोटे कारखानदार, नोकरीतून निवृत्त झालेले लोक बहुधा या यादीबाहेर राहिले.

११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठांना उत्पन्नाची कोणतीही अट न घालता या योजनेत घेण्याचा निर्णय केला. सुमारे साडेचार कोटी कुटुंबांतील सहा कोटी ज्येष्ठांना त्याचा लाभ होईल, असा सरकारचा अंदाज होता. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याची सुरुवात झाली. या ज्येष्ठांना मिळणाऱ्या कार्डाला ‘आयुष्मान वय वंदना कार्ड’ असे नाव आहे. दुकान किती मोठे आहे, घर स्वतःचे आहे की नाही, मुलगा आयकर भरतो काय, यापैकी कोणताही प्रश्न येथे विचारला जात नाही. वय हीच पात्रता.

पाच लाखांचा नेमका अर्थ

‘पाच लाख मिळतात’ असे लोक बोलतात; तेथूनच घोटाळा सुरू होतो. ही रक्कम रोख स्वरूपात कुणाच्या हाती किंवा खात्यात येत नाही. ती उपचाराची वार्षिक मर्यादा आहे. बँकेच्या कॅश क्रेडिटला जशी मर्यादा असते, तशी ही मर्यादा समजावी. फरक एवढाच की येथे व्याज नाही आणि परतफेडही नाही. रुग्णाला दाखल केले की त्या उपचारासाठी सरकारने ठरवलेला दर या मर्यादेतून वजा होतो आणि पैसे थेट रुग्णालयाला दिले जातात. वर्ष संपले की मर्यादा पुन्हा पाच लाख होते. न वापरलेली रक्कम पुढच्या वर्षात जमा होत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा घरात पती-पत्नी दोघेही सत्तरी ओलांडलेले आहेत. दोघांना मिळून वर्षाला पाच लाखांची मर्यादा आहे, प्रत्येकाला वेगळी नाही. पतीच्या शस्त्रक्रियेचे २ लाख १० हजार वजा झाले, तर त्या वर्षात दोघांसाठी मिळून २ लाख ९० हजार उरतात.

दुसरे उदाहरण. समजा कुटुंबाचे नाव आधीपासूनच आयुष्मान योजनेच्या यादीत आहे आणि घरात पंचाहत्तर वर्षांची दादी आहे. अशा घरात कुटुंबाचे जुने पाच लाख तसेच राहतात आणि सत्तरीवरील सदस्यांसाठी आणखी पाच लाखांची वेगळी मर्यादा मिळते. या जादा रकमेत घरातील तरुण सदस्यांचा वाटा नसतो. म्हणून ज्यांच्याकडे जुने आयुष्मान कार्ड आहे त्यांनीही सत्तरीवरील व्यक्तीची वय वंदनासाठी नोंदणी करून घ्यावी. ‘आमच्याकडे कार्ड आहेच’ म्हणून थांबू नये.

या योजनेची सर्वांत मोठी जमेची बाजू जुन्या आजारांविषयीची आहे. खासगी विमा कंपनीकडे गेल्यास मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांसारख्या आधीपासून असलेल्या आजारांसाठी काही वर्षे थांबावे लागते. हा काळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो. येथे असा प्रतीक्षाकाळ नाही. कार्ड झाले त्या दिवसापासून जुना आजारही धरला जातो. वैद्यकीय तपासणी नाही, हप्ता नाही. ज्या वयात खासगी विमा सर्वांत महाग आणि सर्वांत अवघड होतो, त्याच वयासाठी ही सोय आहे.

साठ ते सत्तरमधील ज्येष्ठांचे काय?

वय ६४ असेल तर वय वंदना कार्ड मिळणार नाही. परंतु महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर पसरली आणि २०१७ पासून सध्याच्या नावाने ओळखली जाते. पूर्वी तिची मर्यादा बहुतेक उपचारांसाठी कुटुंबामागे दीड लाख रुपये होती आणि पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबे तिच्याबाहेर होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने मर्यादा पाच लाख करण्यात आली आणि पांढरी शिधापत्रिका असलेल्यांनाही योजनेत घेण्यात आले. जुलै २०२४ पासून ही वाढीव योजना अमलात आली.

म्हणजे आपल्या राज्यात सत्तरीखालील ज्येष्ठाने शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन या योजनेकडे जावे. सत्तर पूर्ण होताच वय वंदनाची नोंदणी करावी. राज्यात दोन्ही योजना एकत्रितपणे चालवल्या जातात, त्यामुळे रुग्णालयातील खिडकी बहुधा एकच असते. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. आयुष्मान योजनेचे कार्ड योजना लागू असलेल्या अन्य राज्यांतील अंगीकृत रुग्णालयांतही चालते; राज्य योजनेचा लाभ मुख्यतः महाराष्ट्रातील अंगीकृत रुग्णालयांपुरता असतो. ज्यांची मुले हैदराबाद, सुरत किंवा बंगळूरला धंद्यानिमित्त स्थायिक आहेत आणि आई-वडील कधी गावी तर कधी मुलाकडे राहतात, त्यांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

निवृत्तिवेतनधारकांना सूचना

केंद्र सरकारची आरोग्य योजना (सीजीएचएस), माजी सैनिकांची ईसीएचएस किंवा केंद्रीय पोलीस दलांची आयुष्मान योजना यांचा लाभ ज्यांना मिळतो, त्यांना जुनी योजना आणि वय वंदना यांपैकी एकाचीच निवड करावी लागते. ही निवड घाईने करू नये. सीजीएचएस व ईसीएचएस यांमध्ये दाखल न होता घेतलेला सल्ला आणि रोजची औषधेही मिळतात. आयुष्मान योजनेत ती मिळत नाहीत. ज्याच्या हाती जुनी योजना आहे, त्याने ती सोडण्यापूर्वी औषधांचा वर्षाचा हिशेब करून पाहावा.

कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआयसी) असलेल्यांना किंवा ज्यांनी खासगी विमा उतरवला आहे त्यांना अशी निवड करावी लागत नाही. त्यांना वय वंदना कार्डही घेता येते.

कार्ड काढताना कोठे अडते?

नोंदणीसाठी मुख्य कागद एकच, आधार कार्ड. त्यावरील जन्मतारखेवरून वय ठरते. आयुष्मान ॲपवरून, योजनेच्या संकेतस्थळावरून, अंगीकृत रुग्णालयात किंवा आपल्या भागातील सेवा केंद्रात नोंदणी होते. माहितीसाठी १४५५५ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. राज्याच्या योजनेसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात चार ठिकाणी अडते.

पहिली अडचण जन्मतारखेची. आपल्याकडील जुन्या पिढीतील अनेकांचा जन्म घरी झाला, नोंद झाली नाही, शाळेचा दाखला नाही. आधार काढताना कुणीतरी अंदाजाने वर्ष लिहिले. प्रत्यक्षात चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजीचे वय कागदावर सहासष्ट निघते. दुरुस्ती होते, पण तिच्यासाठी पुरावा लागतो आणि जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. म्हणून योग्य कागद जमवूनच दुरुस्तीला जावे. मात्र खोटे वय लावण्याच्या फंदात कुणी पडू नये. उद्या तेच आधार कार्ड बँक, पारपत्र आणि वारसा हक्काच्या कागदांशी जुळवले जाणार आहे.

दुसरी अडचण नावाची. शेख, पठाण, सय्यद हे शब्द एका कागदावर नावाच्या आधी, दुसऱ्यावर शेवटी. एका ठिकाणी अब्दुल रहीम, दुसरीकडे अ. रहीम. हलीमाबीचे कुठे हलीमा तर कुठे हलीमा बेगम. माणूस एकच, कागदावर मात्र तीन झाले. वय वंदना कार्डासाठी आधारवरचे नाव धरले जाते, पण राज्याच्या योजनेत शिधापत्रिकाही पाहिली जाते. दोन्हींवरील नावे जुळत नसतील तर रुग्ण खाटेवर असताना धावपळ होते. घरातील वृद्ध स्त्रियांचे नाव शिधापत्रिकेवर आहे की नाही, हेही पाहावे. सासरच्या शिधापत्रिकेवर नाव चढवायचे राहून गेले आणि पतीच्या निधनानंतर त्या कोणत्याच शिधापत्रिकेवर नाहीत, असे प्रकार घडतात.

तिसरी अडचण बोटांच्या ठशांची. आयुष्यभर हातमाग, भट्टी, शेती किंवा धुणीभांडी केलेल्या हातांच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा ओळखत नाही. अशा वेळी ‘होत नाही’ म्हणून परत येऊ नये. मोबाईलवर येणारा ओटीपी, डोळ्यांच्या बाहुलीची ओळख आणि चेहऱ्यावरून ओळख हे पर्याय आहेत. ते मागावेत.

चौथी अडचण मोबाईल क्रमांकाची. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेसमोर आलेल्या अहवालात दाखवून दिले होते की या योजनेतील सुमारे साडेसात लाख लाभार्थींच्या नावांपुढे एकच मोबाईल क्रमांक नोंदलेला होता. तोही ९ हा आकडा दहा वेळा लिहून. नोंदणी करणाऱ्याने काहीतरी भरून काम उरकले असेल, पण त्यामुळे लाभार्थीला संदेश पोहोचण्याचा मार्गच बंद होतो. आपल्या घरातील चालू क्रमांक नोंदवावा. दुकानातील नोकराचा किंवा एजंटाचा क्रमांक कधीही देऊ नये.

रुग्णालयात काय घडते?

योजना प्रत्येक रुग्णालयात चालत नाही. सरकारशी करार झालेल्या, म्हणजे अंगीकृत रुग्णालयांतच ती चालते. दुसरीकडे उपचार घेऊन नंतर बिल सादर केले तर पैसे मिळतील, अशी सोय येथे नाही. हे वाक्य घरातील सर्वांनी पाठ करावे, कारण सर्वांत जास्त नुकसान येथेच होते. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले, जवळच्या मोठ्या रुग्णालयात नेले, अनामत भरली, आणि तिसऱ्या दिवशी कळले की ते अंगीकृत नाही.

दुसरी गोष्ट. रुग्णालय अंगीकृत असले तरी प्रत्येक विभागासाठी असेलच असे नाही. एखादे रुग्णालय हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी करारबद्ध असते, हृदयासाठी नसते. काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे चौकशी करताना ‘योजना चालते का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘या आजारासाठी, या डॉक्टरांकडे चालते का?’ असे विचारावे.

अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राची खिडकी असते. दाखल होतानाच तेथे कार्ड दाखवावे. आरोग्यमित्र ओळख पटवतो, रुग्णालय उपचारासाठी पूर्वपरवानगी मागते, ती आली की उपचार सुरू होतात. तातडीच्या प्रसंगी उपचार थांबत नाहीत. परवानगीची कारवाई पाठोपाठ होते. सामान्य कक्षातील खाट, डॉक्टरांची फी, भूल, औषधे, तपासण्या, शरीरात बसवायची साधने, रुग्णाचे जेवण हे सारे ठरलेल्या दरात येते. राष्ट्रीय नियमाप्रमाणे दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतील संबंधित तपासण्या व औषधेही त्यात धरलेली आहेत. रुग्णाने स्वतंत्र खोली मागितली तर मात्र हिशेब बदलतो. तेव्हा योजनेत राहायचे की स्वखर्चाने, हे सुरुवातीलाच ठरवावे.

मान्य उपचारासाठी रुग्णालयाने वरून पैसे मागणे नियमाविरुद्ध आहे. ‘हे औषध योजनेत बसत नाही, बाहेरून आणा’ असे सांगितले तर आधी आरोग्यमित्राला विचारावे. समाधान झाले नाही तर वर दिलेल्या क्रमांकावर तक्रार करावी. पैसे दिलेच तर पक्की पावती घ्यावी. आपण दुकानात जसे पावतीशिवाय माल घेत नाही, तसेच येथेही. पावती नसेल तर तक्रारीला आधार उरत नाही.

खर्चाची बाजू : काय मिळत नाही?

आता खतावणीचे दुसरे पान. ही योजना रुग्णालयात दाखल होण्याची आहे. डायलिसिससारखे काही उपचार एका दिवसात होतात, तेही तीत येतात. परंतु बाह्यरुग्ण विभागातील तपासणी, दर महिन्याची औषधे, केवळ निदानासाठी केलेल्या चाचण्या, दातांचे नेहमीचे उपचार हे तीत बसत नाहीत. वृद्धापकाळी नेमका हाच खर्च न थांबता चालू असतो.

समजा वडिलांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. औषधे महिना १,८०० रुपये, डॉक्टर व तपासणी मिळून ७०० रुपये. महिन्याला २,५०० म्हणजे वर्षाला ३० हजार. दहा वर्षांत तीन लाख. ही रक्कम कधीच एकदम जात नाही, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. वय वंदना कार्ड खिशात असूनही तिच्यातील एक रुपयाही कमी होत नाही.

हा खर्च कमी करण्याचे मार्ग वेगळे आहेत. पहिला, जन औषधी केंद्र. तेथे औषधे कंपनीच्या नावाऐवजी मूळ घटकाच्या नावाने विकली जातात आणि बाजारातील नावाजलेल्या औषधांपेक्षा साधारणपणे ५० ते ८० टक्के स्वस्त पडतात. वरील उदाहरणात औषधांचा खर्च निम्म्यावर आला तरी वर्षाला १०,८०० रुपये वाचतात. औषध बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि चिठ्ठीवर घटकाचे नाव लिहून घ्यावे. दुसरा मार्ग, सरकारी रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. तिसरा मार्ग, धर्मादाय रुग्णालये. राज्यातील धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवणे बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका तेथे उपयोगी पडते.

खासगी विमा चालू ठेवावा काय?

ज्या ज्येष्ठांचा खासगी आरोग्य विमा आधीपासून चालू आहे, त्यांनी सरकारी कार्ड आले म्हणून तो लगेच बंद करू नये. आपले नेहमीचे डॉक्टर ज्या रुग्णालयात बसतात ते अंगीकृत नसेल, तर खासगी विमाच कामी येतो. एकदा बंद केलेला विमा सत्तरीनंतर पुन्हा घेताना प्रतीक्षाकाळ नव्याने सुरू होतो. विमा नियामकाने १ एप्रिल २०२४ पासून नव्या विम्यासाठी ६५ वर्षांची वयोमर्यादा उठवली आहे. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता नियामकाशी सल्लामसलत न करता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवू नये, असा आदेश निघाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी काढून टाकण्यात आला. या तिन्ही गोष्टी ज्येष्ठांच्या फायद्याच्या आहेत. तरीही हप्ता परवडत नसेल आणि जवळचे चांगले रुग्णालय अंगीकृत असेल, तर सरकारी योजनेवर विसंबून वाचणारा हप्ता औषधांसाठी बाजूला टाकणे हाही व्यवहार्य हिशेब आहे.

आयकराची जुनी पद्धत निवडणाऱ्या व्यापाऱ्याला ज्येष्ठ आई-वडिलांच्या विमा हप्त्यावर ५० हजारांपर्यंत वजावट मिळते. त्यांचा विमाच नसेल, तर त्यांच्या औषधोपचारावरील खर्चही याच मर्यादेत चालतो. अट अशी की पैसे रोखीने दिलेले नसावेत. म्हणून औषधांची बिले जपून ठेवावीत आणि पैसे बँकेमार्फत द्यावेत.

फुकटच्या शिबिरांपासून सावध

कार्डात पाच लाख आहेत, हे जसे आपल्याला ठाऊक आहे तसे लबाडांनाही ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातमधील एका गावात आरोग्य शिबिर भरवून अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयाने १९ जणांना तपासणीसाठी नेले. त्यांची अँजिओग्राफी केली, सात जणांच्या हृदयात स्टेंट बसवले. त्यातील दोघे मरण पावले. गरज नसताना योजनेचे पैसे मिळवण्यासाठी हे केल्याचा आरोप झाला, अटका झाल्या आणि रुग्णालयाचे नाव योजनेतून काढण्यात आले. तेव्हा ‘चला, फुकट तपासणी आहे’ असे म्हणून कुणी वडीलधाऱ्यांना गाडीत बसवू लागला, तर घरातील जाणता माणूस सोबत असल्याशिवाय जाऊ देऊ नये. तातडी नसेल तर शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. आपले कार्ड, आधारची प्रत आणि ओटीपी कुणाच्याही स्वाधीन करू नये.

काही शंका

१) विमा म्हटला की हप्ता आणि व्याज येते. मग ही योजना आपल्याला चालेल काय? – धार्मिक निर्णय आपल्या विश्वासातील उलेमांकडूनच घ्यावा. परंतु विचारताना वस्तुस्थिती पूर्ण सांगावी. या योजनेत लाभार्थी कोणताही हप्ता भरत नाही, मुदतीअखेर काही रक्कम परत मिळत नाही आणि खर्च केंद्र व राज्य सरकार बहुतेक राज्यांत ६० : ४० या प्रमाणात उचलतात. खासगी विमा आणि ही योजना हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते एकत्र करून विचारू नयेत.

२) कार्ड काढल्यावर दरवर्षी पुन्हा काढावे लागते काय? – नाही. मर्यादा दरवर्षी आपोआप नवी होते.

३) वडील अगदी ठणठणीत आहेत. आजारी पडल्यावर कार्ड काढले तर? – निघू शकते. पण आधारवरील वय चुकीचे असेल किंवा ठसा उमटत नसेल, तर दुरुस्तीला लागणारे दिवस रुग्णाजवळ नसतात.

४) एजंट पैसे घेऊन कार्ड करून देतो, द्यावे काय? – गरज नाही. लाभार्थी होण्यासाठी शुल्क नाही.

या आठवड्यात करावयाची कामे

शनिवार-रविवारी दुकानाचा हिशेब लावताना एक पान घरच्या वडीलधाऱ्यांसाठी काढावे. त्यावर प्रत्येकाचे आधारवरील नाव आणि जन्मवर्ष लिहावे. शिधापत्रिकेशी जुळवून पाहावे. सत्तर पूर्ण झालेल्यांची नोंदणी करून घ्यावी. घरापासून जवळची दोन अंगीकृत रुग्णालये शोधावीत, एक हृदयासाठी आणि एक हाडांसाठी, आणि त्यांची नावे दूरध्वनी क्रमांकासह भिंतीवर लावावीत. कार्डाची एक प्रत घरी, एक दुकानात आणि एक मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाईलमध्ये ठेवावी. शेवटी, औषधांसाठी महिन्याला किती लागतात ते लिहून तेवढी रक्कम गल्ल्यातून महिन्याच्या सुरुवातीलाच वेगळी काढावी.

मोहल्ल्यात असेही वृद्ध असतात, ज्यांची मुले परगावी आहेत किंवा ज्यांना मुलेच नाहीत. आपले कागद करायला जाताना त्यांनाही सोबत घेऊन जावे. दुकान अर्धा दिवस बंद राहील. पण त्या अर्ध्या दिवसात एखाद्या घराचे आयुष्यभराचे भांडवल वाचलेले असेल.